हाव आणि अफर्म

नयन एका शब्दापायी बुडाला, आणि तो शब्द म्हणजे 'हाव'. नयनच्या गावात, आर्णीत, 'हो'ला 'हाव'च म्हणतात. तो डोक्यातून येत नाही, थेट पोटातून येतो.

दोन वर्षांपूर्वी जेवताना त्याचे वडील सदाशिवराव म्हणाले, "डॉक्टर म्हणते काचबिंदू हाय, डोयाचा भरवसा नाही. त्याच्या आंधी आपलं वावर एक खेप वरून पाह्यलं असतं."

तोंडात भाकरीचा घास असताना नयन म्हणाला, "हाव बाबा, मी दाखवतो."

घास गिळून विचार केला असता तर पुढचं टळलं असतं. पण शेजारचे पुंडलिकराव ताक प्यायला आलेले होते, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आर्णीत 'बी-बियाण्यावाला नयन पायलट होऊन राह्यला' हे पक्कं झालं. आता माघार घ्यायची तर तोंड कुठं दाखवायचं? बायकोवर, म्हणजे निशिगंधावर, दुकान टाकून तो दक्षिण आफ्रिकेला खाजगी वैमानिकाचा परवाना काढायला गेला.

तिथल्या शिक्षकानं पहिल्याच दिवशी विमानात इंग्रजीत विचारलं, विमान तू सांभाळतोस ना? नयन म्हणाला, "हाव." शिक्षकाला ऐकू आलं 'हाऊ', म्हणजे कसं. बिचारा सज्जन माणूस, त्यानं विमान स्वतःकडे घेतलं आणि कसं ते पहिल्यापासून समजावलं. असं रोज झालं. (इतरांचं शिक्षण संपलं तेव्हा नयनचं निम्मं झालं होतं.)

परवाना मिळाला, पण परदेशी परवान्यावर इथं उडता येत नाही, तो भारतीय करून घ्यावा लागतो. कागद झाले, तब्येतीची तपासणी झाली, उरली दिल्लीतली रेडिओवर बोलायची तोंडी परीक्षा. तिथं 'हो'ला फक्त 'अफर्म' म्हणायचं. परीक्षकांनी विचारलं, उड्डाणाला तयार? नयन म्हणाला, "हाव." ते म्हणाले, "हाऊ? हे तुम्ही मला विचारता?" नयन नापास झाला.

मग घरात सराव सुरू झाला. भाजी वाढू का, अफर्म. आंघोळीला पाणी काढू का, अफर्म. निशिगंधानं चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी माहेरी जाऊ का म्हणून विचारलं. (सवयीनं तिथंही अफर्मच गेलं. ती आठ दिवसांनी आली.)

दुसऱ्या खेपेला नयन एकदाही चुकला नाही. शेवटच्या प्रश्नाआधी परीक्षक हेडफोन सरकवून मायेनं म्हणाले, "मी आर्णीजवळच्या दिग्रसचा. तुम्ही आर्णीचे काय?"

"हाव जी!" नयन गहिवरून म्हणाला.

परीक्षा संपली नव्हती. त्यांनी फार वाईट वाटून नापास लिहिलं.

तोवर सदाशिवरावांना समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागत होता. नयनला रात्रंदिवस तेच खात होतं. शेवटी निशिगंधानंच शेजारच्या वावरात फवारणी करणाऱ्या ड्रोनवाल्याला बोलावलं. म्हातारा निंबाखाली बसला, टॅबलेट नाकाला लावला, आणि धूसर का होईना, अख्खं वावर त्याला वरून दिसलं. विहीर, तुरीच्या ओळी, सगळं. त्याचे डोळे भरून आले. बाजूच्या बांधावर बसलेल्या नयनला आनंदही झाला आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

"अन् थो बांधावर रिकामा बसला थो कोन व्हय?" सदाशिवरावांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं. "तूच काय रे, नयन?"

आणि परीक्षेत ऐन वेळी दगा दिलेला शब्द नयनच्या तोंडून अगदी स्वच्छ बाहेर पडला.

"अफर्म."