भाऊसाहेबांची तिरकी टाकी

भाऊसाहेब भाजी आणायला निघाले की पिशवीत आधी एक किलोचं लोखंडी वजन टाकतात. भाजीवाल्यानं कांदे तोलले, की ते आपलं वजन काढून त्याच्या तराजूत ठेवतात आणि म्हणतात, "अब बोल." देवासच्या बाजारातले निम्मे भाजीवाले त्यांना लांबून पाहूनच दोन कांदे जास्त टाकतात. ते दोन कांदे भाऊसाहेब परत करतात. "ज्याला जास्त द्यायला परवडतं, त्याचं आधीच काहीतरी काळंबेरं असतं, वहिनी."

ते नापतौल खात्यात, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्यात, निरीक्षक होते. धार, धरमपुरी, टोंकखुर्द अशा बदल्या झाल्या आणि शेवटी देवासला येऊन निवृत्त झाले. खुर्ची गेली, पण खातं काही अंगातून उतरलं नाही. दूधवाल्याचं माप असो, शिंप्याची टेप असो की डॉक्टरांचा वजनकाटा, त्यांचा प्रश्न एकच: "हे कुणी तपासलं?" गल्लीत असं सांगतात की त्यांचं एकदा लग्न ठरत आलं होतं. मुलीकडच्यांनी उंची सांगितली आणि कांदेपोहे झाल्यावर भाऊसाहेबांनी खिशातून टेप काढली. खरं-खोटं मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. पण लग्न झालेलं नाही, एवढं नक्की.

घर दुमजली. खाली आम्ही, वर ते एकटे. त्यांची पुढची खोली बरोबर माझ्या स्वयंपाकघरावर येते. म्हणून टेम्पोतून पाच फुटी काचेची टाकी आणि तिचं लोखंडी स्टँड उतरताना पाहिलं, तेव्हा हातातलं लाटणं तसंच घेऊन मी बाहेर आले.

"हे काय, भाऊसाहेब?"

"ॲक्वेरियम. धारच्या भाच्यानं पाठवलंय. हॉटेल बंद केलं त्यानं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "फुकट दिलंय. का दिलं असेल?"

"ठेवायला जागा नसेल."

"असं तो म्हणतो."

मी शाळेच्या ऑफिसात काम करते. कुठलीही गोष्ट कागदावर उतरवल्याशिवाय मला झोप येत नाही. त्या रात्री यादी केली: टाकीत पाणी किती मावेल, त्याचं वजन किती, ते कुठल्या भिंतीलगत ठेवलं तर चालेल, आणि काच फुटली तर खाली काय काय भिजेल. शेवटच्या मुद्द्यात मिक्सर, फ्रिज, वर्षभराचे गहू आणि मी स्वतः होते. आमचे हे, अरविंद, यादी वाचून म्हणाले, "स्वतःला गव्हाच्या खाली टाकलंस." आणि कूस बदलून झोपले.

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन स्पष्ट सांगितलं: टाकी आतल्या जाड भिंतीलाच लागली पाहिजे, आणि पूर्ण समपातळीत आल्याशिवाय तिच्यात एक तांब्याही पाणी पडता कामा नये. टाकी तिरकी राहिली तर एका बाजूच्या काचेवर जोर येतो आणि सांधा उकलतो, हे मी चौकशी करून आले होते.

भाऊसाहेबांनी माझ्याकडे प्रथमच जरा आदरानं पाहिलं. "कुणाकडे चौकशी केली?"

"दोन दुकानांत."

"दोन्ही दुकानं एकाच माणसाची तर नाहीत ना?"

खरी अडचण फरशीची होती. ती खोली पूर्वी उघड्या गच्चीचा भाग होती. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला कोपऱ्यातल्या मोरीकडे मुद्दाम उतार दिलेला. वर छप्पर आलं, तरी उतार तसाच राहिला. त्यात जुन्या दगडी फरश्या, काही वर आलेल्या, काही दबलेल्या. स्टँड ठेवलं तर चारातला एक पाय हवेत.

बाबूलाल मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पाणसळ स्टँडवर ठेवली, नळीतला बुडबुडा पाहिला, एका पायाखाली लोखंडी पट्टी सरकवली, दुसऱ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा. बुडबुडा मधोमध आला.

"लो साब, हो गया."

"तुझी पाणसळ कुणी तपासली?"

"साब, ये तो कंपनी की है."

"म्हणून तर विचारतोय."

भाऊसाहेबांनी पाणसळ उचलून उलटसुलट फिरवून ठेवली. बुडबुडा तिथंच. मग त्यांनी बाजारातून स्वतःची नवी पाणसळ आणली. दोन्हींमध्ये केसाएवढा फरक निघाला. आता कोणती खोटी, हे ठरवायला तिसरी आली. त्या तिघींचं आपसात पटवून टाकी सरळ होईपर्यंत बाबूलालच्या चार संध्याकाळी गेल्या. रोज सातला तो येई, मी माझ्या स्वयंपाकघराच्या काळजीनं वर जाई, आणि भाऊसाहेब आम्हाला आल्याचा चहा पाजत. चहा चांगला करतात. दूध मात्र मापानं घालतात.

पाचव्या दिवशी सगळं जुळलं. तिन्ही पाणसळींचे बुडबुडे मधोमध. मी समाधानानं यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी भाऊसाहेब जिन्यातूनच ओरडले, "वहिनी! टाकी झुकली!"

मी धावत वर गेले. खरंच, बुडबुडा उजवीकडे सरकलेला. बाबूलालनं शपथ घेतली की त्यानं हात लावलेला नाही. भाऊसाहेबांनी हात पाठीमागे बांधून तपास सुरू केला. पहिला संशय कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकवर. दुसरा फरशीवर. तिसरा थेट माझ्या मिक्सरवर.

"तुम्ही सकाळी किती वेळ चटणी वाटता, वहिनी?"

"भाऊसाहेब, माझ्या मिक्सरनं तुमची टाकी हलत असेल, तर माझ्या ओट्यावरची बरणी केव्हाच इंदूरला पोहोचली असती."

बाबूलाल खो खो हसला. भाऊसाहेबही हसले, पण त्या दिवसापासून माझ्या मिक्सरची वेळ ते घड्याळ लावून ऐकू लागले.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी टाकी सरळ, दुसऱ्या दिवशी तिरकी. आमचे हे म्हणाले, "तुझं अंथरूणही वरच टाक." बाबूलाल म्हणाला, "साब, दुकान में मच्छी बूढ़ी हो जाएगी." आता मलाच बाबूलालचा संशय यायला लागला. मजुरी तो घेत नव्हता, भाऊसाहेबांनी कधीकाळी त्याच्या भावाचं कुठलं तरी काम सरळ करून दिलं होतं म्हणे. पण चहा, शेव आणि गप्पा मिळत होत्या. जाता जाता पट्टी जराशी सरकवायला कितीसा वेळ लागतो? मी कुणालाही न सांगता चारही पायांजवळ, पट्टी आणि पुठ्ठा जिथं संपतात तिथं, फरशीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा केल्या. बाबूलाल गेल्यावर पाहिल्या. सगळं जागच्या जागी. म्हणजे जे होत होतं, ते दुसऱ्या दिवशी होत होतं.

शनिवारी शाळा लवकर सुटते. दुपारी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला मी वर गेले. भाऊसाहेबांचं दार अर्धवट उघडं होतं. आत भाऊसाहेब फरशीवर पालथे पडलेले. मला वाटलं, चक्कर आली. हाक मारणार एवढ्यात त्यांचा हात दिसला. स्टँडच्या डाव्या पायाखालचा पुठ्ठा ते दोन बोटांनी हळूच बाहेर ओढत होते. सोंगटी काढताना मुलं जीभ बाहेर काढतात, तशी त्यांची जीभ बाहेर.

पुठ्ठा निघाला. तो त्यांनी खिशात घातला. गुडघे धरून उठले, पाणसळ पाहिली, समाधान झालेलं दिसलं. मग त्यांनी भिंतीकडच्या तीन खुर्च्या आणून टाकीसमोर मांडल्या. एक जरा वाकडी वाटली, ती सरळ केली. ताटलीत कप पुसून ठेवले. दुपारचे तीन वाजले होते. आम्ही यायला अजून चार तास होते. ते मधल्या खुर्चीवर बसले आणि रिकाम्या टाकीकडे पाहत राहिले.

मी कपडे न घेताच खाली आले.

चोर सापडला होता, आणि मला जिन्यात धड रागावताही येईना. नोकरीत असताना भाऊसाहेबांनी बाजारात कुणाचा चहा घेतला नव्हता. आज चहा, उद्या सवलत, असा त्यांचा हिशेब. पण एवढी वर्षं नाही म्हटल्यावर लोक विचारणंच सोडून देतात. सणासुदीला मी वाटी पाठवायचे, ती भाऊसाहेब दारातूनच घ्यायचे आणि रिकामी वाटी दारातूनच परत यायची. आम्ही वर-खाली राहतो, पण त्यांच्या खोलीत बसायचं मला टाकी येईपर्यंत कधी कारण पडलं नव्हतं. आता पडलं होतं, आणि ते संपू नये म्हणून एक सत्तरीचा माणूस रोज दुपारी फरशीवर पालथा पडत होता.

त्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी नेहमीसारखी बोंब मारली. बाबूलालनं कपाळाला हात लावून नवा पुठ्ठा कापला. तो चहा पिऊन गेल्यावर मी बसूनच राहिले.

"भाऊसाहेब, आता पाणी भरू या."

त्यांचा चेहरा उतरला. "आणि उद्या पुन्हा झुकली तर?"

"तीच तर गोष्ट आहे. भरल्यावर वजन येतं, फरशी दबते. भरलेली टाकी रिकामीपेक्षा जास्त तपासावी लागते. रोज."

"असं कुणी सांगितलं?"

"मी सांगते. खाली माझं स्वयंपाकघर आहे. तुमच्या एकट्याच्या तपासणीवर माझा विश्वास नाही. रोज सात वाजता मी स्वतः येऊन पाहणार. बाबूलालला पण सांगते. फक्त आता पायाखालचं काही हलता कामा नये. पाण्यात जीव असणार."

भाऊसाहेब बराच वेळ माझ्याकडे बघत होते. पेट्रोल पंपाच्या मीटरकडे ते असंच बघत असणार. मी नजर हटवली नाही. शेवटी त्यांनीच हटवली. खिशात हात घातला, दोन-तीन पुठ्ठ्याचे तुकडे काढले आणि केराच्या डब्यात टाकले. मग मोरीच्या नळाला पाईप लावून दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

पाणी काचेवर चढू लागलं. ते पाठमोरे उभे राहून टॉवेलनं आधीच कोरडी असलेली कड पुसत होते.

"रविवारी तुम्हाला घरची कामं असतील," ते म्हणाले.

"रविवारी तर यांना पण घेऊन येते. त्यांना सुट्टी असते."

भाऊसाहेबांनी टॉवेल खाली ठेवला आणि लगबगीनं आत गेले. डबे उघडल्याचा, झाकणं पडल्याचा आवाज आला. मग आतूनच हाक आली, "वहिनी, अरविंद चहात साखर किती घेतो?"