घरचं पक्कं गिऱ्हाईक

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत माझ्याएवढा लायक माणूस अख्ख्या भिसेगावात नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. रसायनीच्या कंपनीत स्टोअरकीपर, पगार वेळच्या वेळी खात्यात, कर्ज नाही, हप्ता नाही, विजेचं बिल आलं त्याच दिवशी भरणार! लोक पंगतीत बसल्यावर मुलांचे दहावीचे मार्क सांगतात, मी माझा क्रेडिट स्कोअर सांगतो.

त्यामुळे माझा भाचा रूपेश एका बँकेची कार्डं विकायच्या कामाला लागला, तेव्हा मी माझ्या बहिणीला, संध्याला, छातीठोकपणे म्हटलं, "पोराची काळजी सोड. तो पर्मनंट हुईपर्यंत मी हाय."

ती बिचारी मला मानते. तिने घरी जाऊन रूपेशला सांगितलं, आणि रूपेशने मला अगदी शेवटी, टार्गेटला एक कार्ड कमी पडेल तेव्हासाठी राखून ठेवलं. घोटाळा एवढाच की बाकीचे मला राखून ठेवत नव्हते.

पहिला आला विकास, आमच्याच आळीतला. तो दुसऱ्या बँकेची कार्डं विकतो. "काका, तुमी फक्त हो म्हना." नाही कसं म्हणणार? त्याला नाही म्हटलं तर त्याची आई बाजारात माझ्या बायकोला, वनिताला गाठणार, आणि वनिता घरी येऊन मला गाठणार. हो म्हटलं. मग पळसदरीच्या हळदीत वनिताच्या मावसभावाचा जावई भेटला. त्याने मांडवातच फोन काढला. माझे दोन्ही हात हळदीचे, म्हणून माझ्या फोनवरची बटणंसुद्धा त्यानेच दाबली. खालापूरच्या पेट्रोल पंपावर टेबल मांडून बसलेली मुलगी तर चक्क अनोळखी होती, पण बोलता बोलता वनिताच्या माहेरच्या गावची निघाली. माहेरची म्हटल्यावर विषयच संपला!

कार्डं आली आणि कपाटात पडली. एकही मी वापरलं नाही. न वापरलेलं कार्ड कुणाचं काय बिघडवणार, असं मला वाटायचं.

महिनाअखेरीला रूपेश आला. नवा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, तोंडभर हसू.

"मामा, आता तुजं एकच रायलंय. ते लागलं का मी पर्मनंट. खालापूरचे एक गुरुजी घ्यायला तयार होते, पन त्यांना मी माज्या दोस्ताकडं धाडलं. त्याचं बी एकच कमी होतं. म्हटलं, मला काय, माजा मामा हाय."

"शाब्बास," मी म्हटलं.

"एवड्यात दुसरं कुठलं कार्ड काडलं नायस ना?"

तुझ्याआधी तिघांना हो म्हणून बसलोय, हे त्या हसऱ्या तोंडाला कसं सांगायचं? आणि माझा स्कोअर काय असा तसा होता?

"तू काळजी करू नको रं. मामा कोनाचा हाय?"

त्याने फोनवर सगळी माहिती भरली, माझा फोटो काढला आणि अर्ज पाठवला. वनिताने आनंदाने शिरा केला. शिरा संपायच्या आत उत्तर आलं. नामंजूर!

"बँकेचं मशीन बिघडलं असंल," मी म्हटलं. रूपेशने साहेबांना फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"मशीन ठीक आहे," साहेब म्हणाले. "तुझ्या मामांनी या दोन-तीन महिन्यांत तीन नवी कार्डं घेतलीत. इतक्या कमी दिवसांत इतकी नवी खाती असली की आपली बँक आणखी कार्ड देत नाही. पगार आणि स्कोअर कितीही चांगला असू दे. असा माणूस पैशाच्या अडचणीत आहे असं धरतात."

अडचणीत! मी! मला 'नाही' म्हणण्याची अडचण होती, पण ती काही बँकेच्या अर्जात लिहायची सोय नसते.

रूपेशने बशी हळूच खाली ठेवली. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी चूक निस्तरायला निघालो. तिन्ही बँकांना फोन करून तिन्ही कार्डं बंद केली, अडकित्त्याने त्यांचे तुकडे केले आणि रूपेशला पुन्हा अर्ज भरायला लावला. पुन्हा नामंजूर. साहेब म्हणाले, "माणूस गेला म्हणून त्याची जन्मतारीख पुसतात का? कार्ड बंद केलं तरी उघडल्याची तारीख राहते. शिवाय आजचा अर्जही आता नोंदीत गेला." इकडे कार्ड लगेच बंद झालं म्हणून विकासचं कमिशन कापलं गेलं, आणि त्याची आई आमच्या दारात येऊन वनिताला वाट्टेल ते बोलून गेली.

तोवर "पदूला बँकेनं नाकारला" ही बातमी कर्जतभर झाली होती. दुकानदार दत्ताशेठ मला बघून 'उधारी बंद'ची पाटी पुसून चकचकीत करायला लागला. संध्याकाळी जमिनीचा एजंट आला. "पदूशेठ, पळसदरीचा जमिनीचा तुकडा इकायला काडताय म्हनं? फार्महाऊसवाली पार्टी हाय माज्याकडं. तुमची नड भागंल." मी त्याला घालवला, तर जाता जाता त्याने माझा हात दाबून धीर दिला.

महिना संपला. रूपेशला पहिल्या तारखेपासून येऊ नको म्हणून सांगितलं. गुरुजींचं कार्ड मंजूर झालं आणि तो दोस्त पर्मनंट झाला.

त्या रात्री मी जेवलो नाही. वनिता ताट उचलताना म्हणाली, "आवो, तुमाला उभ्या जन्मात कोनाला नाय म्हनता आलं नाय. शेवटी बँकेनं म्हटलं. त्ये बी आपल्याच पोराला."

आता रूपेश खोपोलीच्या एका गोदामात खोकी उचलतो. मला भेटला की अजूनही वाकून नमस्कार करतो, आणि ते मला सोसत नाही. संध्या माझ्याशी बोलते, पण वनितामार्फत.

मधे बरेच महिने गेले, त्या तीन कार्डांच्या तारखा जुन्या झाल्या. परवा रूपेशच्याच जुन्या बँकेतून एका मुलीचा फोन आला. "अभिनंदन सर, आता तुम्हाला आमचं कार्ड मिळू शकतं."

मी लगेच विचारलं, "हे रूपेशच्या नावावर धरतील का हो?"

"कोण रूपेश, सर?"

मी जन्मात पहिल्यांदा म्हटलं, "नको मला."

पलीकडून हळूच आवाज आला, "सर, घ्या ना. महिनाअखेर आहे, माझं एकच राहिलंय."

एकच राहिलंय म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? मी हो म्हटलं. कार्ड लगेच मंजूर झालं.

आता संध्याला काय सांगायचं, तेवढं कुणीतरी सुचवा.