वरचा उजवा कोपरा

चित्रस्पष्टता तुलना कार्यालयाचं काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं: एकच सिनेमा टीव्हीच्या एचडी वाहिनीवर जास्त स्पष्ट दिसतो की एचडी डिस्कवर, हे ठरवायचं. कार्यालयाच्या स्थापनेच्या आदेशात हे वाक्य साडेचार पानं चाललं होतं. अकरा वर्षांत कार्यालयाने एकही निष्कर्ष काढला नव्हता, त्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका घ्यायला जागा नव्हती.

तिथला कनिष्ठ तुलनाकार म्हणजे अगदी सरळमार्गी माणूस. लहानपणापासून जाड चष्मा, म्हणून त्याची आत्या त्याला भिंगोबा म्हणायची. ते घरात रुळलं, तिथून कार्यालयात पोचलं, आणि हजेरीपटावर तेवढं यायचं राहिलं होतं.

आत्या त्याच्याकडेच राहायची. जन्मभर पोस्टात नोकरी केलेली, करारी बाई. ती खोलीत आली की टीव्हीचा आवाजसुद्धा आपोआप कमी झाल्यासारखा वाटे. तिला हसताना घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. तिचं म्हणणं मात्र असं, की तरुणपणी आपण खूप हसायचो आणि त्याचा पुरावा आहे. तिच्या पोस्टासमोर एकदा एका सिनेमाचं शूटिंग झालं. नायक पेटीत पत्र टाकायला आला आणि पत्राऐवजी हातातला रुमाल टाकून मोकळा झाला. वरच्या मजल्याच्या खिडकीत आत्या उभी होती. तिला हसू आवरलं नाही, आणि तो प्रसंग सिनेमात तसाच राहिला. चार सेकंद, पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात.

घर बदलताना फोटोंची ट्रंक हरवली, तेव्हापासून तरुण आत्या जगात फक्त त्या कोपऱ्यात उरली होती. जुन्या कॅसेटवर त्या जागी कणकेचा गोळा दिसायचा. "ही मी," आत्या बोट दाखवायची. मंडळी मान डोलवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन हसायची. आत्याला ते कळत होतं, आणि ते तिला लागतही होतं.

म्हणून तो सिनेमा एचडी वाहिनीवर लागणार असं कळलं, तेव्हा सगळं घर टीव्हीसमोर बसलं. चित्र खरंच सुरेख होतं. नायकाच्या दाढीचे खुंट मोजून घ्यावेत असं. नायक पेटीपाशी आला, खिडकी आली, आणि बरोबर खिडकीवर, चौकटीत चौकट बसावी तसं वाहिनीचं पांढरंशुभ्र बोधचिन्ह आलं. त्याखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: एचडी. अतिस्पष्ट.

"खाली माझं कोपर दिसलं," आत्या म्हणाली, आणि उठून गेली.

डिस्कवर असलं चिन्ह नसतं, हे भिंगोबाला धंद्यामुळे ठाऊक होतं. वाहिनीला चित्र हवेतून पाठवायचं म्हणून दाबून-चेपून बसवावं लागतं, डिस्कवर ते ऐसपैस बसतं, हेही ठाऊक होतं. पण कार्यालयाचा शेरा मिळाल्याशिवाय डिस्क दुकानात येत नसे, आणि या सिनेमाची एकुलती डिस्क कार्यालयाच्या कपाटात होती. दुसऱ्याच दिवशी तो साहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, ती डिस्क लावून बघायची परवानगी हवी होती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "लावून? अहो, ती संदर्भ तबकडी आहे. लावली की चरा पडायची भीती. चरा पडला की तिला संदर्भ कोण म्हणणार?"

"मग आजवर तुलना कशावरून केली आपण?"

"वेष्टनावरून. वेष्टनावर चित्राच्या एक हजार ऐंशी रेघा लिहिल्यात, वाहिनीच्या पत्रातही तेवढ्याच. दोन्ही समान."

"समान आहेत, तर मग निष्कर्ष का काढला नाही?"

"एका रेघेचा जरी फरक निघाला तर?" साहेब शांतपणे म्हणाले. "घाई करून कसं चालेल?"

भिंगोबाने घाई केली नाही. सात महिने त्याने टिपणी लिहिली, पुरवणी टिपणी लिहिली, डिस्कला चरा पडल्यास आपण जबाबदार राहू असं हमीपत्र दिलं. खिडकीत आत्या आहे हे मात्र लिहिलं नाही. नातेवाइकाकडे बघणं म्हणजे पक्षपात, असं नियमावलीत स्पष्ट होतं. शेवटी मंजुरी आली: एक दर्शन, एकदाच. चित्र मागे नेल्यास ते दुसरं दर्शन समजण्यात येईल.

दर्शनाच्या दिवशी भांडारपाल हातमोजे घालून डिस्क घेऊन आला. त्याने अख्खा वेळ यंत्रावर नजर ठेवायची होती, पडद्यावर नाही. भिंगोबापुढे नमुना क्रमांक सात होता. त्यात दर दहा सेकंदांनी वेळ, उजेड, कडा आणि शेरा असे चार रकाने भरायचे होते. एक जरी रकाना कोरा राहिला तर दर्शन झालंच नाही असं धरायचं होतं.

चित्र काय वर्णावं? दगडी पायऱ्यांवरची धूळ दिसत होती. पत्रपेटीचा उडालेला रंग दिसत होता. भिंगोबा लिहीत होता, बघत होता, पुन्हा लिहीत होता. एक तास बारा मिनिटं अडतीस सेकंदांवर नायकाने रुमाल पेटीत टाकला. चाळीसाव्या सेकंदाची नोंद भरायची होती. इतक्या वर्षांच्या सवयीने मान आपोआप खाली गेली. वेळ: बरोबर. उजेड: पुरेसा. कडा: रेखीव. शेरा: चिन्ह नाही, चित्र अत्यंत स्पष्ट.

मान वर केली तेव्हा नायक गल्लीच्या टोकाला पोचला होता.

"मागे नेता येईल?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या दर्शनाला नवी टिपणी लागेल," भांडारपाल यंत्रावरची नजर न काढता म्हणाला.

भिंगोबाने नवी टिपणी लिहायला घेतली. पण तोवर नमुना क्रमांक सात साहेबांपर्यंत पोचला होता, आणि कार्यालयाच्या इतिहासात पहिल्यांदाच फरक सापडला होता. साहेबांनी त्याला बोलावून समोर बसवलं. आजवर ते त्याला कधी बसा म्हणाले नव्हते.

"शाबास. वाहिनीच्या चित्रावर स्पष्टतेचं चिन्ह आहे, तबकडीवर नाही. बरोबर?"

"हो. म्हणूनच तबकडी जास्त..."

"म्हणूनच तबकडी सदोष. बघणाऱ्याला कळणार कसं, की आपण स्पष्ट बघतोय?"

"दिसेलच ना साहेब त्याला."

"दिसणं हा पुरावा नाही," साहेब म्हणाले. "सगळ्यांना दिसत असतं तर हे कार्यालय कशाला उघडलं असतं?"

आठवड्यात आदेश निघाला. यापुढे प्रत्येक डिस्कवर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, वाहिनीच्या चिन्हाएवढंच स्पष्टता प्रमाणचिन्ह उमटवावं. संदर्भ तबकडी चिन्हाविना असल्याने ती नष्ट करावी आणि सिनेमाच्या मूळ प्रतीवरही चिन्ह घालून घ्यावं. या शोधाबद्दल भिंगोबा वरिष्ठ तुलनाकार झाला. आदेशाच्या मसुद्यात त्याने शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. विरोध म्हणून त्याला तेवढंच सुचलं.

नवी डिस्क दुकानात आली, ती त्याने घरी आणली. पुन्हा सगळं घर बसलं. रुमाल पेटीत पडला, आणि खिडकीवर प्रमाणचिन्ह झळकलं.

"वा, काय स्पष्ट आहे," कुणीतरी म्हणालं. सगळे चिन्हाकडे बघत होते. त्याच्या कडा खरोखरच रेखीव होत्या.

आत्या भिंगोबाच्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "भिंगोबा, तू ती कोरी डिस्क बघितलीस ना रे? ऑफिसात?"

"बघितली की."

"मग? दिसले मी?"

भिंगोबाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बघितलं नाही म्हणायचं, तर जगात बघणारं आता कुणीच उरलं नव्हतं.

"अगदी स्पष्ट," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

"हसत होते ना मी?"

"मनापासून."

"दात दिसत होते?"

"सगळे."

"गाढवा," आत्या म्हणाली, "समोरचा एक आदल्याच दिवशी पडला होता. म्हणून तर तोंडावर हात धरून हसत होते मी." आणि मग तिला ते सगळंच एकदम आठवलं असावं, कारण ती हसली. पोटभर, आवाज करून, तोंडावर हात न धरता. ते हसू चारेक सेकंद टिकलं.

भिंगोबाने ते ऐकलं. वळून बघेपर्यंत ती चष्म्याचं घर शोधत होती, नेहमीच्याच करारी चेहऱ्याने. बाकीच्यांनी तेवढ्यात आवाज वाढवला होता, कारण नायक गाणं म्हणू लागला होता.

ज्या वाचकांना हा माणूस मूर्ख वाटला, त्यांच्यासाठी एक सोपा नमुना जोडला आहे. आपल्या घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस हसताना कोणत्या बाजूचा दात दिसत नाही, ते आत्ता, मान न वळवता, पुढच्या ओळीत लिहावं. रकाना कोरा ठेवू नये.