अण्णांचा लाल कोट

चार माणसं मिळून एखादं काम करताना दिसली की अण्णा मोऱ्यांचा उजवा हात आपोआप वर जायचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमचं लोखंडी कपाट जिन्यात अडकलं तेव्हा. नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला आलो होतो आणि मारतहळ्ळीत एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. तेव्हाची मारतहळ्ळी म्हणजे एक रस्ता, थोडी दुकानं, पुष्कळ नारळ आणि डोक्यावरून जाणारी विमानं. चार हमाल, त्यांची चार मतं, आणि जिन्याच्या वळणावर तिरकं बसलेलं कपाट. एवढ्यात शेजारच्या कंपाउंडमधून एक म्हातारे गृहस्थ आले. वर बनियन, खाली कडक इस्त्रीची पँट, कोरलेल्या मिशा आणि तोंडात टूथपेस्टचा फेस. त्यांनी हातातला ब्रश वर उचलला. हमाल गप्प झाले. ब्रश खाली आला, कपाट उचललं गेलं. वळणावर त्यांनी डावा तळहात आडवा धरला, कपाट थांबलं. ब्रशानं हवेत एक कोयरी काढली, कपाट वळलं आणि थेट आमच्या खोलीत जाऊन उभं राहिलं.

गृहस्थांनी चूळ भरली आणि मला म्हणाले, "चार माणसं म्हटली की मास्टर पाहिजेच. नाहीतर नुसता गलाटा. पुण्याचे काय तुम्ही?"

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पुणेकर' झालो आणि ते आमचे अण्णा.

अण्णांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण तिच्यात कानडी अशी मुरलेली की कुठली कुठे संपते ते त्यांनाही कळायचं नाही. "भाजीत मीठ स्वल्प कमी घातलीस," असं ते बायकोला म्हणायचे, आणि ती "सरी, उद्या घालतो" म्हणायची. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे.

अण्णा बँडमास्टर होते. लग्नाच्या बँडचे नव्हे. हे ते स्वतः पहिल्याच भेटीत स्पष्ट करत. वडील संस्थानच्या बँडमध्ये होते. अण्णा मिसरूड फुटायच्या आत लष्करात भरती झाले ते कॉर्नेट वाजवायला. कॉर्नेट म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ट्रंपेटची धाकटी बहीण. बुटकी, पण स्वभावानं गोड." तिथे चढत चढत बँडमास्टर झाले, निवृत्त होऊन गावी आले, आणि एका मोठ्या सरकारी कारखान्यानं त्यांना कामगारांचा बँड उभा करायला बोलावलं.

हाती आले ते फिटर, वेल्डर, रंगारी. सूर कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नव्हतं. अण्णांनी माणसं निवडली ती ओठ आणि दात बघून. "वेल्डर क्लॅरिनेटला घ्यावा," ते मला सांगत. "डोळे बारीक करून एका जागी बघत राहायची सवय असते. लेथवरचा ड्रमला. आणि कँटीनवाला ट्यूबाला."

"कँटीनवाला का?"

"पोट लागतं, पुणेकर. ट्यूबा म्हणजे सगळ्यांत मोठी पितळी पिपाणी, ती पोटानं वाजवायची."

ही सवय पुढे कारखान्याबाहेर पसरली. माझी बायको मंगल त्यांच्याकडे पहिल्यांदा हळदीकुंकवाला गेली तर दारातच म्हणाले, "दात दाखव की, मुली." ती गांगरून हसली. "सरी. युफोनियम," अण्णांनी निकाल दिला आणि आत निघून गेले. युफोनियम हा पितळी आणि भला जाड प्रकार असतो हे कळल्यावर मंगल आठवडाभर भात खात नव्हती. माझ्या मेहुणीला बघायला आलेल्या मुलाकडेही ते बराच वेळ टक लावून पाहत होते. तो गेल्यावर म्हणाले, "ओठ पातळ आहेत. सुरुवात जोरात करेल, दम टिकणार नाही." स्थळ आमच्याकडूनच मोडलं, कारण दुसरंच होतं, पण श्रेय अण्णांनी घेतलं.

स्वातंत्र्यदिनाला कारखान्याच्या मैदानावर मी त्यांचा बँड ऐकला. पांढरेशुभ्र कपडे, पुढे अण्णा, हातात छडी. एरवी ज्या माणसांना मी बसच्या रांगेत धक्काबुक्की करताना बघत होतो, तीच माणसं एका माणसाच्या मनगटाकडे बघून एकदम श्वास घेत होती. अंगावर काटा आला, हे कबूल केलं पाहिजे. परत येताना मी तसं म्हणालो तर अण्णा नाराज. "दुसऱ्या ओळीतला ट्राँबोन झोपला होता. तुमचा काटा चुकीच्या जागी आला."

एक गोष्ट मात्र खटकायची. रस्त्यावरून लग्नाचा बँड गेला की अण्णा उठून खिडक्या लावून घेत. कधी नव्हे ते तोंड कडवट होई. "तो बँड नव्हे," म्हणत. "लाल कोट घातलेला ट्रॅफिक जॅम."

ह्यामागचं कारण अक्कांनी मंगलला सांगितलं. अण्णांचा धाकटा भाऊ, येसू, बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरात लग्नाचा बँड चालवायचा. दोघंही एकाच बापाकडून शिकलेले. थोरला लष्करात गेला, धाकट्याला तिथे घेतलं नाही, छाती भरली नाही म्हणून. त्यानं लाल कोट शिवला. अण्णांना ते लागलं होतं, पण बोलणं चालू होतं. मग अण्णांच्या मुलीचं लग्न निघालं. कारखान्याचा बँड वाजणार असं ठरलेलं. येसू आपली सगळी माणसं घेऊन, नवी झालर लावलेल्या कोटांत, मांडवाच्या दाराशी आला. पुतणीच्या लग्नात काकाचा आहेर म्हणून. अण्णा दारात जाऊन म्हणाले, "जेवायला ये. वाजवायला नको."

"मग त्यानं काय केलं?" मंगलनं विचारलं.

"माणसांना वळायला सांगितला आणि गेला. जेवलाही नाही," अक्का म्हणाल्या. "तेव्हापासून ह्या घरात त्याचं नाव नाही."

पुढे कारखान्याला उतरती कळा लागली. माणसं लवकर निवृत्ती घेऊन जाऊ लागली. ट्यूबा गेला, दोन क्लॅरिनेटं गेली. एक दिवस वरून हुकूम आला की बँड बंद, वाद्यं कोठारात जमा करा. अण्णा एक एक वाद्य पुसून स्वतः देऊन आले. मी संध्याकाळी गेलो तर अंगणात बसले होते. समोर गल्लीतल्या दोन बायका सुकलेली चादर दोन टोकांना धरून घडी घालत होत्या. अण्णांचा हात उठला नाही.

असे काही महिने गेले. अण्णा पेपर वाचत, तोही आवाज न करता. अक्का म्हणायच्या, "ओरडत का नाहीत काय की. घर खायला उठलंय." कपडे मात्र रोज तसेच कडक. कुठे जायचं नसलं तरी.

आणि मग ऐन लग्नसराईत एक दिवस दस्तगीर आला. येसूच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला, पिकल्या दाढीचा, पायातल्या चपला फाटकाबाहेर काढून उभा. येसूला झटका आला होता. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. सरकारी इस्पितळात होता. आणि रविवारी शहराबाहेर आनेकल गावात वरात होती. येसूनं शब्द दिला होता.

"आप आगे खडे रहो, बस," दस्तगीर म्हणाला. "मास्टर के बगैर हम लोगां कैसे जाना?"

"मी नाही येणार," अण्णा म्हणाले आणि आत गेले. दस्तगीरला अक्कांनी कॉफी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. अण्णा, इस्त्रीच्या कपड्यांत. "स्कूटर काढा की, पुणेकर. इस्पितळापर्यंत सोडा."

येसू भिंतीकडच्या खाटेवर होता. अण्णांचाच चेहरा, थोडा बारीक केलेला, आणि उजवी बाजू ओघळलेली. भावाला बघून त्यानं उठायची धडपड केली. अण्णांनी खांद्यावर हात ठेवून त्याला निजवलं. मग अण्णा खाकरले.

"आनेकलची वरात कितीला?"

येसूची जीभ जड झाली होती. एकेक शब्द ढकलत तो म्हणाला, "चार... वाजता. तू... पांढरा शर्टच घाल. कोट नको. तुला... आवडत नाही."

"मास्टरनं काय घालायचं ते मास्टर ठरवतो," अण्णा म्हणाले. "कोट कुठाय तेवढं सांग."

येसूच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातूनही आलं असेल. पण त्या बाजूला अण्णा उभे होते आणि रुमाल त्यांच्या हातात होता.

रविवारी अक्कांनी मलाही पाठवलं. "ह्यांचं डोकं फिरलं तर सांभाळा," म्हणाल्या. बँडच्या मॅटाडोरमध्ये ड्रमला टेकून मी आनेकलला गेलो. अण्णांच्या अंगावर येसूचा कोट होता. लाल, सोनेरी झालरीचा, दंडाला घट्ट आणि पोटाला तुटायला आलेला. त्यांनी सगळी बटणं लावली होती.

वरात निघाली. अण्णांनी हात वर केला. कुणी बघितलंच नाही. ज्याला जेव्हा वाटलं तेव्हा त्यानं सुरुवात केली. अण्णांनी हात खाली आणला, बँड चालूच. त्यांनी "साकु! साकु!" म्हणून थांबवायला सांगितलं, तर लोकांना वाटलं हा नाचाचाच प्रकार आहे, आणि नवऱ्याचे दोन मित्र "साकु! साकु!" म्हणत नाचू लागले.

दस्तगीर वाजवायचं थांबवून जवळ आला. "अण्णा, हाथ कू कौन देखता जी? हमारे मास्टर हाथ नहीं हिलाते थे. लोगां कू देखते थे."

"लोकांना? कशाला?"

"कौन नाचने कू शरमा रहा, कौन थक गया, कौन रो रहा. वो देखके हमना आँख से बोलते थे."

अण्णांनी हात खाली सोडले आणि प्रथमच वरातीकडे पाहिलं. एक जाड मामा कडेला उभ्या उभ्या पायानं ठेका धरत होते, पण पुढे यायला लाजत होते. अण्णांनी दस्तगीरला डोळ्यानं खुणावलं, चाल बदलली, आणि मामा टाळी वाजवत मधे आले. पुढच्या चौकात नवऱ्याची म्हातारी आजी दमून एका ओट्यावर टेकली. अण्णांनी ड्रम हळू करवले आणि सबंध वरात तिचा श्वास परत येईपर्यंत तिथंच झुलत ठेवली. मांडवाशी नवरीचे वडील हात जोडून उभे होते, ओठ थरथरत होते. तिथे अण्णांनी सगळ्यांना थांबवलं आणि एकट्या क्लॅरिनेटला सोडलं. इतकं हळू की लोक आपोआप बोलायचे थांबले. सुरुवात सोडली तर कुठे चूक नाही, गोंधळ नाही. मुलीकडच्यांनी अण्णांना हार घातला.

परतताना ते ड्रायव्हरशेजारी न बसता मागे माणसांत बसले. बेळ्ळंदूरचं तळं मागे पडलं. मग मला म्हणाले, "हा गाढव इतकी वर्षं हे काम करत होता, आणि मी खिडक्या लावून घेत होतो."

त्या सराईतल्या उरलेल्या वराती अण्णांनीच काढल्या. येसू घरी आला. मी एका रविवारी अण्णांना आणायला शिवाजीनगरात गेलो. दार उघडंच होतं, आणि आतून अण्णांचा मोठ्ठा आवाज येत होता.

"...आणि मी असा हात वर केला, तर आनेकलच्या त्या चौकात म्हैस! थेट माझ्याकडे. लाल कोट बघितला की काय की! मी मागे, म्हैस पुढे, तुझा दस्तगीर ड्रमच्या मागे. टोपी पडली. म्हशीनं ती खाल्ली, येसू! अख्खी टोपी, झालरीसकट!"

मी दारात थबकलो. कुणी त्यांच्या फजितीचा उल्लेख केला तरी दोन दिवस बोलणं टाकणारा हा माणूस खोलीच्या मधोमध उभा राहून म्हशीची नक्कल करत होता. खाटेवर येसू उशीला टेकून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

येसूची बायको मला हळूच म्हणाली, "डॉक्टर सांगितले, तोंडाचे स्नायू हलले पाहिजेत. हसवत राहा म्हणाले. भावोजी दर रविवारी येतात. दर वेळी नवीन काहीतरी फजिती झालेली असते त्यांची."

अण्णांनी मला पाहिलं. मग येसूकडे वळून म्हणाले, "खोटं वाटतं? ह्यांना विचार. हे पुणेकर होते तिथे."

आनेकलला म्हैस नव्हती. टोपी तर अण्णांनी घातलीच नव्हती.

"होती," मी म्हणालो. "चांगली मोठी होती."

येसू पुन्हा हसला, आणि ह्या वेळी त्याच्या तोंडाची उजवी कड किंचित वर गेली. अण्णांनी ते पाहिलं आणि ताबडतोब वरातीत दुसरी म्हैस आणली.