राखेतली प्रश्नपेढी

मालविका मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदाच चोरी केली आणि ती गरजेपेक्षा जास्त चांगली झाली.

दुपारी घरी जेवायला आल्यावर त्यांनी पर्समधला पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून पाहिला. शेषेराव सरांच्या क्लासची अख्खी प्रश्नपेढी त्यात उतरली होती. मॅडमच्या मिस्टरांची बदली नांदेडला झाली होती आणि तिथं त्या स्वतःचा क्लास काढणार होत्या. पाटी रंगवायला टाकली होती, फक्त सरांना सांगायचं राहिलं होतं. यात विशेष काही नाही. लातुरात दुसऱ्याच्या क्लासवर शिकवणारा प्रत्येक माणूस स्वतःचा क्लास काढायच्या बेतात असतो आणि तोपर्यंत मालकाला वाकून नमस्कार करत असतो.

भाताचा दुसरा घास तोंडात होता तोच फिजिक्सच्या श्रीनाथ सरांचा फोन आला.

“मॅडम, लवकर या. सर्व्हरवरून प्रश्नपेढी गायब हाय.”

“गायब म्हणजे?”

“गायब म्हणजे न्हाईच! रविवारच्या परीक्षेचा पेपरबी त्यातच होता. सरांचं बीपी वाढून राहिलंय.”

मॅडमनी ताट सारून लॅपटॉपकडं पाहिलं. सकाळी एक डोळा दारावर ठेवून फोल्डर उचलताना त्यांनी गडबडीत ‘कॉपी’ऐवजी ‘कट’ दाबलं होतं. सर्व्हरवर काही उरलंच नव्हतं. सरांनी वीस वर्षं जमवलेली प्रश्नपेढी आता त्यांच्या पर्समध्ये होती. गेल्या गेल्या गुपचूप परत टाकायची, असं ठरवून त्यांनी हात धुतला आणि स्कूटी दामटली.

पण गुपचूप काही करायची सोयच राहिली नव्हती. क्लासचा सर्व्हर ऑफिसच्या दाराशी, एका जुन्या पत्र्याच्या पेटीवर ठेवलेला असे. त्र्याण्णवच्या भूकंपात सरांचं घर बसलं होतं. तेव्हापासून मोलाची वस्तू दाराजवळ ठेवायची, म्हणजे जमीन हलली की उचलून पळता येतं, असा त्यांचा नियम होता. आज सर त्या सर्व्हरसमोर खुर्ची टाकून बसले होते आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या आलोकनं सगळ्यांच्या कॉम्प्युटरच्या केबली उपटून ठेवल्या होत्या.

“रिसायकल बिनमधी बघितलं का?” सरांनी विचारलं.

“सर, नेटवर्कवरून उडवलेली फाइल बिनमध्ये थांबत न्हाई. डायरेक्ट वर जाते.”

“वर म्हंजे?”

आलोकनं छताकडे बोट दाखवलं.

“मग खाली कशी आणायची ते सांग की!”

“तिच्या जागेवर दुसरं काही बसलं नसंल तर निघते, सर. आज सकाळपासून कुणी काही टाकलं का सर्व्हरवर?”

श्रीनाथ सरांनी मान खाली घातली. “जागा मोकळी दिसली... म्हणून मी माझी व्हिडिओ लेक्चरं टाकली.”

“मीबी थोडी टाकली,” बायोलॉजीच्या देविका मॅडम म्हणाल्या.

त्यांचाही दोष नव्हता. तो सर्व्हर बारा महिने तुडुंब असायचा. त्यात जागा दिसली की एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसे सगळे तुटून पडत.

“घाबरायचं कारण न्हाई,” सर म्हणाले. “एक डिस्क मी भूकंपाच्या भ्यानं नांदेडला मेव्हण्याकडं ठेवली हाय.” त्यांनी हणमंतरावांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला.

“ती डिस्क व्हय, दाजी? तिच्यात आता आमच्या साक्षीच्या लग्नाचं शूटिंग हाय.”

“अन् माझं सामान?”

“ते काढल्याबिगर शूटिंग कुठं मावायलं? पण दाजी, ताई लई झ्याक दिसून राहिली त्यात. पाठवू का?”

सरांनी फोन ठेवला. आलोकनं मग उडालेल्या फाइली शोधायचा प्रोग्राम लावला. सगळे पडद्यासमोर गोळा झाले. मॅडमनी पर्स पोटाशी घट्ट धरली.

“निघालं, निघालं काहीतरी!” आलोक ओरडला आणि मोठ्यानं वाचू लागला, “श्रीनाथ फिजिक्स अकॅडमी, उदगीर. उद्घाटनास अगत्य येण्याचे करावे...”

“व्हायरस असंल तो,” श्रीनाथ सर घाईनं म्हणाले.

पुढं देविका मॅडमचा बायोडाटा निघाला. तो समोरच्याच क्लासच्या नावानं होता. देविका मॅडमना एकदम डिस्कची दया आली. “अहो, किती ताण देऊन राहिलात तिला? जळंल ना ती! बंद करा.” मालविका मॅडमनी आपल्या नव्या क्लासचं हँडबिल याच कॉम्प्युटरवर टाइप करून पुसलं होतं. ते आठवताच त्यांनीही जोरात री ओढली. क्लास सुरू झाल्यापासून त्या सर्व्हरच्या तब्येतीची एवढी काळजी कुणी केली नव्हती.

शेषेराव सरांनी आलोकला थांबायची खूण केली. मग म्हणाले, “आमच्या गावाकडं, जळकोटच्या अंगाला, काही चोरीला गेलं की अंधाऱ्या खोलीत राखेची टोपली ठेवायचे. एकेकानं आत जायचं, राखेत हात घालून यायचं. ज्यानं घेतलं त्यानं वस्तू राखेत सोडायची. कुणी काही विचारायचं न्हाई. मी सर्व्हरवर ‘राख’ नावाचा फोल्डर करून ठेवतो. आता घरी जा, चहा घेऊन या. आल्यावर एकेकानं दार लावून आत बसायचं. रविवारी पोरं पेपर मागतील, मला तेवढंच बघायचंय.”

मॅडमना रडूच आलं. त्या नवख्या असताना सरांनी त्यांना पोटच्या पोरीसारखं वागवलं होतं.

चहानंतर एकेक जण आत जाऊन आला. मालविका मॅडमची पाळी शेवटी आली. त्यांनी दार लावलं, ‘राख’ उघडली आणि बघतच राहिल्या. आत प्रश्नपेढ्याच प्रश्नपेढ्या होत्या! फिजिक्सच्या फोल्डरात दडवलेली एक, ‘आरत्या’ नावाखाली एक, मघाशी फोनवर ऐकलेल्या ‘साक्षीचं लग्न’ नावाखालीसुद्धा एक. त्यांनी स्वतः रात्री जागून काढलेली केमिस्ट्रीची गणितं प्रत्येकीत होती.

“शी! काय माणसं आहेत!” त्या मनापासून संतापल्या. “फिजिक्सवाल्याला केमिस्ट्री कशाला लागते?” त्यांच्या पर्समध्ये फिजिक्स आणि बायोलॉजी दोन्ही होतं, ही गोष्ट वेगळी. आपली प्रश्नपेढी त्या ढिगात सोडून त्या बाहेर आल्या.

सर आत गेले आणि थोड्या वेळानं शांत चेहऱ्यानं परत आले.

“सापडलं. मी खुळा, भूकंपाला भिऊन एक डिस्क नांदेडला ठेवली. तुम्ही तर घरोघर ठेवल्या. आता सगळं लातूर हललं तरी आपली प्रश्नपेढी हलत न्हाई.”

सगळे आपापल्या चपला शोधू लागले.

“मालविकाताई, तुम्ही थांबा.” बाकीचे गेल्यावर सरांनी विचारलं, “नांदेडला कुठं काढून राहिलात क्लास?”

मॅडम दारातच थबकल्या. “सर, तुम्हाला कसं कळलं?”

“पाटी रंगवणारा माझ्याच गावचा हाय. अन् चोरीचं म्हणाल, तर बाकीच्यांच्या कॉप्या जुन्या हायत. रविवारचा पेपर मी आज सकाळी टाकला. तो सगळ्यात शेवटी पडलेल्या कॉपीतच निघाला, अन् शेवटी आत तुम्हीच गेला होतात.”

“सर, माझं चुकलं...”

“चुकलंच. पण परत टाकलंत, त्यानंच रविवार वाचला. पुढच्या टायमाला नीट बघून कॉपी करत जा.” सरांनी सर्व्हर दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवला आणि खालची पत्र्याची पेटी पुढं सरकवली. “ही घेऊन जा नांदेडला. आमचे जुने सर हायत तिथं, त्यांच्या दारात ठेवा. माझं नाव सांगू नका.”

“काय आहे यात?”

“त्यांची प्रश्नपेढी. मी त्यांचा क्लास सोडून आलो तवा कॉपी-बिपी काही नव्हतं. पेटीच उचलली.”

मॅडमना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. त्यांनी वाकून नमस्कार केला, या वेळी अगदी मनापासून.

पुढच्या आठवड्यात ती पेटी नांदेडला जुन्या सरांच्या दारात पोचली. जराशी उशिराच पोचली, कारण आधी मॅडमनी तिच्यातल्या एकूण एक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला होता. अर्थात, मूळ कागद जागच्या जागी ठेवून.