मास्तरांनी कुणालाच सूट दिली नाही

"उद्यापासून या कचेरीत कुणालाही नको असलेली मेल येणार नाही," मास्तरांनी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून जाहीर केलं. "आली तर मिशा उतरवीन."

मास्तरांना मिशा नव्हत्या. त्यांच्या बहुतेक पैजा या असल्याच असत.

पोस्टमास्तर हे नाव त्यांना कचेरीनं ठेवलेलं, अर्थात पाठीमागे; तोंडावर नुसतं मास्तर. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात मेलचा सर्व्हर सांभाळणं, म्हणजे आलेली मेल ज्याची त्याला पोचवणं आणि जायची मेल जिथली तिथं धाडणं, हे त्यांचं काम. कारखान्यात एसी दोनच होते. एक साहेबांच्या खोलीत आणि एक सर्व्हरच्या. माणसं घामाघूम होतात याची साहेबांना फारशी फिकीर नव्हती, पण सर्व्हर तापतो याची होती. मास्तर त्या सर्व्हरच्या पुण्याईनं दिवसभर गारव्यात बसत आणि बाहेर रुमालानं मान पुसणाऱ्या सहकाऱ्यांकडे काचेतून बघत. कुणी दारात येऊन म्हणालं, "मास्तर, माझी मेल जात नाही हो," की आधी एक उसासा टाकत आणि मग विचारत, "मॉनिटर चालू केलाय ना?" विचारणारा खजील होऊन परत जाई. मेल बहुधा तशीच अडकलेली राही.

पण अलीकडे या गारव्याला धोका निर्माण झाला होता. साहेबांच्या पेटीत रोज टक्कल घालवण्याच्या तेलापासून परदेशातल्या बेवारस खजिन्यापर्यंत वाट्टेल त्या मेल येत, आणि साहेबांना टक्कल असल्यामुळे त्यांना ते मुद्दाम कुणीतरी करतंय असं वाटे. शेवटी त्यांनी मास्तरांना बोलावून सुनावलं होतं. "बाहेरची एक कंपनी आपली सगळी मेल सांभाळायला तयार आहे. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. गोदामात झाकणं मोजायला माणूस हवाच आहे."

गोदामात एसी नव्हता. एक पंखा होता, पण त्याचं तोंड खोक्यांकडे होतं, कारण ओल लागली की खोकी फुगतात.

नेमकी तेव्हाच सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. त्यात एक नवी सोय होती. अनोळखी माणसाची मेल आली की ती दारातच अडवायची आणि त्याला उलट मेल धाडायची, की बाबा, तू कोण? त्याचं उत्तर आलं, तरच त्याची मेल आत सोडायची. तेल आणि खजिना विकणारी यंत्रं उत्तरं देत बसत नाहीत, त्यामुळे कचरा बाहेरच राहतो. सोय चांगलीच होती. तिच्यात वाईट एवढंच होतं, की ती मास्तरांच्या हाती पडली.

रविवारी मेहुणा जेवायला आला होता. बायकोचा हा धाकटा भाऊ एका खोकल्याच्या औषधाच्या कंपनीत हेच काम करत असे. या कंपनीच्या बाटल्यांना मास्तरांच्या कारखान्याचीच झाकणं लागत. कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच.

"भाऊजी," वाढून घेता घेता तो म्हणाला, "ते अनोळखी मेल अडवायचं आधी एकाच पत्त्यावर लावून बघा हं. तशी सोय दिलीय त्यांनी. नीट चाललं की मग सगळ्यांना लावायचं."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "मी सर्व्हर सांभाळायला लागलो तेव्हा तू शाळेत जाताना डबा विसरायचास."

"तो अजूनही विसरतो," बायको म्हणाली, "पण सांगतोय ते ऐकून तर घ्या."

"काय ऐकायचं? ज्याला स्वतःच्या कामाचा भरवसा नाही, त्यानं लावावं एकाच पत्त्यावर. मी काय नवशिका आहे? याच्यात हिंमत नाही, म्हणून दुसऱ्याला पण घाबरवतोय."

मेहुण्याचे कान लाल झाले. "हिंमत नाही? ठीक आहे. मी पण सगळ्यांनाच लावतो. मंगळवारीच लावतो. कुणालाही सूट न देता."

"लाव की. मी कुठं अडवलंय?"

मेहुणा पाणीसुद्धा न पिता उठला. जाताना त्यानं बहिणीचा निरोप घेतला आणि भाऊजींकडे बघितलंही नाही. तेव्हापासून दोघांचा अबोला सुरू झाला. घोड्याएवढे झालेले दोन पुरुष, आणि भांडण कशावरून, तर पत्रं अडवण्यावरून!

मंगळवारी सकाळी मास्तरांनी बाह्या सरसावल्या. सॉफ्टवेअर बिचारं समंजस होतं. काम सुरू करण्याआधी ते विचारून घेई. त्यानं विचारलं, जुन्या ओळखीचे पत्ते नव्या आवृत्तीत आणायचे का? त्याला वेळ लागणार होता. मास्तरांनी 'नंतर'वर टिचकी मारली. मग त्यानं विचारलं, आपल्या माणसांनी आपणहून ज्यांना मेल लिहिली, त्यांना तरी ओळखीचं समजायचं का? मास्तर हसले. या कचेरीतली माणसं कुणालाही काहीही लिहितात, त्यांचा काय भरवसा? 'नाही.' शेवटी त्यानं विचारलं, समोरच्या सर्व्हरकडून अशीच 'तू कोण' म्हणणारी मेल आली, तर तिला तरी सूट द्यायची ना? आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की 'होय' म्हणणंच बरं.

बारीक अक्षरं मास्तर वाचत नसत. सूट हा शब्द दिसला आणि त्यांना रविवारचे लाल कान आठवले. 'नाही.'

उलट धाडायची मेल त्यांनी स्वतः लिहिली. सॉफ्टवेअरनं दिलेला नम्र मजकूर त्यांना मिळमिळीत वाटला. त्यांनी लिहिलं, "आपण कोण, हे कळवल्याशिवाय आपली मेल स्वीकारली जाणार नाही. उगाच वेळ घालवू नये." मग त्यांनी सोय चालू केली, खुर्ची मागे रेलली आणि चहा मागवला.

त्याच दिवशी औषध कंपनीशी झाकणांचा वर्षाचा सौदा पक्का व्हायचा होता. संध्याकाळच्या आत दर कळवायचे होते, तेही कारखान्याच्या अधिकृत पत्त्यावरून मेलनंच. फोनवर नाही, कागदावर नाही, असा तिथल्या खरेदी अधिकारी बाईंचा दंडक होता. बाईंनी मागे एकदा फोनवर दर घेतले होते आणि पस्तावल्या होत्या. साहेबांनी सकाळीच दरांची मेल धाडली आणि उत्तराची वाट बघत बसले.

थोड्याच वेळात सर्व्हरच्या पडद्यावर 'अडवलेल्या मेल' असा आकडा दिसू लागला. आधी शेकड्यांत, मग हजारांत. मास्तर उभे राहिले. एवढा कचरा रोज येत होता? मग तो त्यांच्या डोळ्यांदेखत दुप्पट झाला आणि त्यांना गहिवरून आलं. ते धावत साहेबांकडे गेले.

"साहेब, जरा येऊन बघा."

साहेब आले आणि आकडा बघून थक्क झाले. आपल्या टकलाविरुद्ध एवढं मोठं कारस्थान चालू होतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी हिशेबनिसांना बोलावलं, टंकलेखिकेला बोलावलं, दारावरच्या रखवालदारालाही आत घेतलं. सगळे एसीच्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. खरं तर ते गारव्यासाठीच आले होते, पण मास्तरांना ते आपल्यासाठी आलेत असं वाटलं.

"शाब्बास," साहेब म्हणाले. "गोदामाचं ते मी रागाच्या भरात बोललो होतो."

मास्तरांनी मान तिरकी करून हे स्वीकारलं. "एकाच पत्त्यावर लावून बघणारेही असतात, साहेब," ते म्हणाले, "पण मी त्यातला नाही."

इतक्यात साहेबांचा मोबाइल वाजला. पलीकडून खरेदी अधिकारी बाई बोलत होत्या, आणि त्यांचा आवाज रखवालदारापर्यंत ऐकू येत होता. "अहो, दर कुठं आहेत तुमचे? मी सकाळपासून तुम्हाला मेल करतेय, उत्तर नाही. शेवटी माझ्या घरच्या पत्त्यावरून केली, तर उलट तुम्हीच विचारताय, मी कोण! वर म्हणताय, उगाच वेळ घालवू नये! संध्याकाळपर्यंत दर आले नाहीत, तर मी दुसरीकडून झाकणं घेते."

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी पडद्याकडे बघितलं. अडवलेल्या मेल त्यांनी आतापर्यंत नुसत्या मोजल्या होत्या, उघडून एकही बघितली नव्हती. आता उघडली. तिच्यात लिहिलं होतं, "आपण कोण?" दुसरी उघडली. "आपण कोण?" हजारो मेल, सगळ्या एकाच ठिकाणाहून आलेल्या. औषध कंपनीतून.

मेहुण्यानं बोलल्याप्रमाणे केलं होतं. त्याच्या सर्व्हरनं साहेबांची दरांची मेल अडवून विचारलं होतं, तू कोण? मास्तरांच्या सर्व्हरनं तो प्रश्नच अडवून उलट विचारलं, आधी तू कोण? त्यावर त्यानं विचारलं, हे विचारणारा तू कोण? आणि सकाळपासून दोन्ही सर्व्हर उंबऱ्यात उभं राहून हेच करत होते. खजिना आणि तेल यांचा त्या आकड्यात जवळपास पत्ताच नव्हता.

दोघांपैकी एकानं आपली सोय बंद केली असती, तर तिढा सुटला असता. पण स्वतः आधी नमायचं नसेल, तर मेहुण्याला फोन लावायला हवा होता. मास्तरांनी बायकोला लावला.

बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी बसत असे. समोर खोकणाऱ्यांची रांग होती.

"तुझ्या भावाला सांग, ते बंद कर म्हणावं."

"तुम्हीच सांगा की."

"मी नाही फोन करणार. आधी त्यानं करावा."

बायकोनं रांगेतल्या आजोबांना थांबायला सांगितलं, दवाखान्याच्या फोनवरून भावाला गाठलं, आणि थोड्या वेळानं दोन्ही कानांना दोन फोन लावून म्हणाली, "तो म्हणतोय, आधी भाऊजींनी बंद करावं. त्याच्याही साहेबांनी तोंड सोडलंय, पण हा काही हटत नाही. लाज नाही वाटत तुम्हा दोघांना? इथं माणसं आजारी आहेत. मी तीन म्हणते, दोघांनी एकदम बंद करा. एक, दोन, तीन."

सगळे पडद्याकडे बघत राहिले. आकडा वाढतच होता.

"केलंत का?" बायकोनं विचारलं.

"त्यानं केलं का?" मास्तर म्हणाले.

बायकोनं दोन्ही फोन ठेवले आणि आजोबांना पुढं बोलावलं. तिचा राग रास्तच होता. दोघांनीही, दुसरा करेलच या भरवशावर, माउसला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"मास्तर," साहेबांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "हे बंद कुठं होतं?"

मास्तरांनी दाखवलं. साहेब वाकले आणि स्वतःच्या बोटानं त्यांनी टिचकी मारली.

आकडा थांबला. अडकलेला पहिला प्रश्न आत आला. साहेबांनी उत्तर लिहिलं, "मी झाकणांच्या कारखान्याचा मालक," आणि त्यांची दरांची मेल पलीकडे सुटली. जरा वेळानं बाईंचा होकार आला. सौदा वाचला. मात्र अडवलेल्या बाकीच्या हजारो मेलही भराभर आत शिरल्या आणि ज्याच्या त्याच्या पेटीत जाऊन पडल्या. टंकलेखिका संध्याकाळपर्यंत "आपण कोण?" पुसत होती. शेवटी शेवटी तिला खरंच प्रश्न पडला असावा.

"एवढंच होतं?" साहेब म्हणाले. "एक टिचकी?"

"तांत्रिक बाब आहे, साहेब. दोष सॉफ्टवेअरचा आहे."

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी बाहेरच्या कंपनीला बोलावलं. औषध कंपनीनंही त्यांनाच बोलावलं. बाहेरच्या कंपनीला दोन्ही ठिकाणची माहिती असलेला एक माणूस हवा होता, आणि साहेब मनानं वाईट नसल्यामुळे त्यांनी आधी मास्तरांचं नाव सुचवलं. मास्तर म्हणाले, "मी कुणाच्या हाताखाली काम करत नाही." कंपनीनं मग दुसऱ्याला विचारलं. त्यानं आपली चूक झाली असं सरळ कबूल केलं होतं, आणि हाताखाली काम करायला त्याची काही हरकत नव्हती. दुसरा म्हणजे अर्थातच मेहुणा. आता दोन्हीकडचे सर्व्हर तोच सांभाळतो. एसीच्या खोलीत बसतो, आणि डबा अजूनही विसरतो, पण बहीण आणून देते.

मास्तर गोदामात रुजू झाले. झाकणं मोजता मोजता त्यांच्या मानेवरून घाम ओघळे, आणि पंखा खोक्यांना वारा घालत असे. काही दिवस त्यांनी अभिमानानं सोसलं. मग एका दुपारी मात्र असह्य झालं, आणि त्यांनी साहेबांना मेल लिहिली. विषय: पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवण्याबाबत.

लगेच उलट मेल आली.

"आपण कोण, हे कळवल्याशिवाय आपली मेल स्वीकारली जाणार नाही. उगाच वेळ घालवू नये."

मजकूर ओळखीचा होता. एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नव्हतं. मास्तर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. उत्तर द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. खोक्यांच्या दोन रांगा मोजल्या, मोजणी चुकली, पुन्हा मोजली. सदरा पाठीला चिकटला. चहाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी दम धरला, आणि मग एका बोटानं टाइप केलं, "मी. भाऊजी."

उत्तर आलं ते चहा निवायच्या आत.

"ओळखलं, भाऊजी. तुमची मेल साहेबांकडे सोडली आहे. आणि वाईट वाटून घेऊ नका, हे सगळ्यांना नाही लावलेलं. सध्या एकाच पत्त्यावर लावून बघतोय."