चेहऱ्यासह समक्ष हजर राहावे

"चेहरे वाचण्यात माझा हात कोण धरणार!" असं भाऊसाहेब छाती फुगवून म्हणाले, तेव्हा त्यांच्या हाती कॅमेरा येऊन दोन महिने झाले होते. एवढ्या काळात त्यांनी टिपले होते ते सगळे जागचे न हलणारे जिन्नस: खुर्ची, किटली, जिन्याचा कठडा आणि दुपारी झोपलेले सासरे.

"आणि बाबांचाच फोटो तेवढा हललाय," बायको म्हणाली. "झोपलेल्या माणसाचा फोटो हलतो तरी कसा, अहो?"

"म्हणून तर आता मॉडेल घेणार! खरीखुरी!"

भाऊसाहेब घरपट्टी कार्यालयात हेडक्लार्क. सव्वीस वर्षं त्यांच्या खिडकीपुढून रोज शंभर चेहरे जायचे. खरं कोण बोलतंय आणि थापा कोण मारतंय, ते नुसतं बघून ओळखायचे म्हणे. अशा माणसाला एक मॉडेल ती काय जड!

मॉडेलही मिळाली. वाचनालयात नोकरी करणारी, हौशी नाटकांतून काम करणारी एक तरुणी. नाटकाच्या दिग्दर्शकानं तिचा नंबर दिला. "मी तिला सांगून ठेवतो, तुम्ही फक्त वेळ कळवा," म्हणाला, आणि सांगायला साफ विसरला.

भाऊसाहेबांनी वेळ कळवली. आता त्यांना लिहायची सवय होती ती फक्त नोटिसांची. त्यामुळे निरोप गेला तो असा:

"आपणांस कळविण्यात येते की, आपल्या चेहऱ्याची पाहणी करण्याचे योजिले आहे. तरी रविवारी सकाळी ठीक दहा वाजता खालील पत्त्यावर चेहऱ्यासह समक्ष हजर राहावे. सोबत घरातील एक जबाबदार व्यक्ती आणावी."

खाली हाताच्या सवयीनं नाव, हुद्दा आणि घरपट्टी कार्यालय!

रविवारी दहाच्या ठोक्याला बेल वाजली. दारात ती तरुणी, तिच्यामागे उशीएवढी जाड फाइल पोटाशी धरलेले तिचे वडील, आणि त्यांच्यामागे काळ्या कोटातले एक गृहस्थ.

'वा! बदलायला कोटसुद्धा आणलाय,' भाऊसाहेबांना वाटलं. "कोट झकास आहे हं! काढा बघू, यांना घालून पाहू."

"कोट निघणार नाही," गृहस्थ म्हणाले. "मी यांचा वकील."

मॉडेल लोक वकील घेऊन फिरतात हे भाऊसाहेबांना ठाऊक नव्हतं. पण आपलं अज्ञान कशाला दाखवा! ते नुसते जाणत्यासारखे हसले. ते हसू पाहून वडिलांच्या कपाळावर घाम आला.

आत बैठकीच्या खोलीत मधोमध एक स्टूल, मागे पांढरी चादर, पडदे ओढलेले आणि टेबललँपचा झोत नेमका स्टुलावर.

"बघा," वकील वडिलांच्या कानात पुटपुटले, "चौकशीची जय्यत तयारी!"

तरुणी स्टुलावर बसली. भाऊसाहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. "जरा हसा!"

"हसायचं नाही," वकील कडाडले. "हसलं की कबूल केलं असा अर्थ होतो."

"बरं, मान थोडी खाली..."

"मान खाली कशाला? तिनं काय केलंय?"

"मग सहज काहीतरी बोला. चेहरा मोकळा होतो."

"ती एक अक्षर बोलणार नाही!"

तरुणी बिचारी भिंतीसारखी कोरी. भाऊसाहेबांनी बेचाळीस फोटो काढले. बेचाळीसही एकसारखे! किटली तरी बरी, तिच्यावर निदान चकाकी असायची. बायकोनं चहा आणला, तर वकिलांनी तोही परत पाठवला.

शेवटी भाऊसाहेबांना आठवलं की मॉडेलची लेखी संमती घ्यावी असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मसुदा तयारच होता. त्यांनी खड्या आवाजात वाचायला घेतला, "मी खाली सही करणार, कोणत्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने लिहून देते की..."

"कबुलीजबाब!" वकील ताडकन उठले.

आणि वडिलांचा बांध फुटला. फाइल खाली, कागद घरभर! "माझ्या मुलीला सोडा, साहेब! तिला काही ठाऊक नाही! गच्चीवरची ती खोली मी बांधली! परवानगी न घेता, मी!"



"कुठली खोली?" भाऊसाहेबांनी विचारलं.

बायकोनं तरुणीच्या हातातला फोन मागून घेतला. निरोप वाचला. पुन्हा वाचला, यावेळी मोठ्यानं. 'चेहऱ्यासह' या शब्दापाशी तिला खुर्ची धरावी लागली.

"अहो, फोटोसाठी बोलावलंय हो त्यांनी तुम्हाला, नुसत्या फोटोसाठी! आमचं लग्न वडीलधाऱ्यांनी ठरवलं म्हणून बरं. नाहीतर मलाही नोटीसच आली असती!"

त्यासरशी ती तरुणी हसली. अशी हसली की मान मागे गेली, केस सुटले, डोळ्यांत पाणी आलं. चेहऱ्यावर लँपचा सोनेरी उजेड. असा क्षण टिपायला फोटोग्राफर जन्मभर ताटकळतात!

आणि आमचे भाऊसाहेब? कॅमेरा खाली ठेवून ते पेन शोधत होते. "खोलीची लांबी-रुंदी किती म्हणालात?"

"अहो, कॅमेरा!" बायको ओरडली. तोवर तरुणी केस बांधून चहा प्यायला लागली होती.

वडील मात्र हलके झाले होते. "नोंदवूनच टाकतो खोली. दोन वर्षं बेल वाजली की धस्स व्हायचं. अर्जाला फोटो लागतो ना? माझाच काढा!"

भाऊसाहेबांनी मग आपली सगळी कला पणाला लावली. पडदा वीतभर सरकवला, लँप विझवला. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा गडद अंधारात, एका डोळ्यात बारीक चमक. फोटो पाहून तरुणी म्हणाली, "बाबा, तुम्ही असे दिसता?" वकिलांनी हळूच विचारलं, "माझा एक निघेल का?"

सोमवारी अर्ज आला. कार्यालयातल्या वरच्या साहेबांनी फोटो उभा धरला, आडवा धरला, आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला. नियम तो नियम. भाऊसाहेबांनी पेन उघडलं आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं:

"अर्जदाराचा अर्धाच चेहरा आढळून येतो. उर्वरित अर्धा सादर केल्यास अर्जाचा विचार करण्यात येईल."